जास्त इंधनाचा तारा आधी का संपतो?

प्रश्न असा आहे: सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाच्या ताऱ्यात इंधनही साधारण पंचवीसपट असते, मग तो सूर्याच्या कितीतरी आधी कसा संपतो? आणि त्याला जोडून दुसरा: इंधन संपले की तारा हळूहळू थंड होऊन विझतो, हे बरोबर आहे का?

गेली सव्वीस वर्षे मी तारकागुच्छांचे प्रकाशमापन आणि ताऱ्यांचे वर्णपट याच कामात आहे, आणि हे दोन प्रश्न मला सर्वांत जवळचे वाटतात. दोघांचेही उत्तर एकाच गोष्टीत दडले आहे. तारा उष्णता गमावतो तेव्हा तो थंड होत नाही, उलट अधिक तापतो. ही गोष्ट पटली की ताऱ्याचा जन्म, त्याचे आयुष्य आणि मरण वेगवेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून आधी तीच नीट सांगतो.

पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणारा कृत्रिम उपग्रह घ्या. विरळ हवेशी घासून त्याची ऊर्जा कमी होत जाते. मग त्याचा वेग कमी व्हायला हवा ना? प्रत्यक्षात तो खाली सरकतो आणि खालच्या कक्षेत जास्त वेगाने फिरू लागतो. पडताना जी गुरुत्वीय ऊर्जा सुटते, तिच्यातली निम्मी घर्षणात जाते आणि निम्मी वेग वाढवते. ताऱ्यातल्या अणूंचेही तसेच आहे. तारा म्हणजे स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेला वायूचा गोळा. त्यातून प्रकाश बाहेर पडला की आतला दाब किंचित कमी पडतो, गोळा किंचित आकुंचन पावतो, आणि सुटलेल्या ऊर्जेतला निम्मा भाग प्रकाश म्हणून निघून जातो, तर उरलेला निम्मा अणूंचा वेग, म्हणजे तापमान, वाढवतो. आपल्या रोजच्या कोणत्याही तापलेल्या वस्तूचा अनुभव याच्या उलट आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशी पटत नाही. मलाही पटले नव्हते.

आता सुरुवातीकडे जाऊ. तारे जन्मतात ते रेणूंच्या थंड ढगांत, जिथे तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम १० अंश वर असते. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ हा असाच एक कारखाना, आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर. ढगाचा एखादा दाट भाग स्वतःच्या वजनाने कोसळू लागतो आणि आदितारा तयार होतो. तो चमकतो, पण त्यात अजून केंद्रकीय संमीलन, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जुळून जड केंद्रक बनणे, सुरू झालेले नसते. तो निव्वळ आकुंचनावर चमकतो, आणि चमकत असल्यामुळेच आतून तापत जातो. सूर्याला या अवस्थेतून बाहेर पडायला सुमारे ५ कोटी वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात केल्व्हिन आणि हेल्महोल्ट्झ यांना वाटत होते की सूर्य आजही याच आकुंचनावर चालतो. गणित चोख होते, पण त्यातून सूर्याचे वय काही कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. भूगर्भशास्त्रज्ञांना खडक घडायला त्याहून कितीतरी जास्त काळ हवा होता. हा पेच सुटायला संमीलन समजावे लागले. १९२० मध्ये एडिंग्टन यांनी हायड्रोजनपासून हेलियम बनण्याची शक्यता मांडली. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी, मेघनाद साहांचे आयनीभवनाचे (कोणत्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात याचे) समीकरण वापरून, तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत हे दाखवले. १९३८-३९ च्या सुमारास हान्स बेथे यांनी नेमक्या अभिक्रिया मांडल्या. साहांचे समीकरण मी आजही जवळजवळ रोज वापरतो. वर्णपटातली एखादी रेषा ठळक आहे म्हणजे ते मूलद्रव्य जास्त आहे असे नव्हे. तापमान तिला अनुकूल आहे एवढाच अर्थ असू शकतो. हे कळेपर्यंत सूर्य पृथ्वीसारख्याच पदार्थांचा बनला आहे, असे मोठमोठे लोक मानत होते.

केंद्राचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचले की हायड्रोजनचे संमीलन तग धरते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संमीलनाने तारा तापतो, असे सगळे म्हणतात. खरे तर तापवण्याचे काम आकुंचनाने आधीच केलेले असते. संमीलन सुरू झाल्यामुळे तापणे थांबते. जेवढी ऊर्जा पृष्ठभागातून गळते तेवढीच केंद्रात तयार होऊ लागली की आकुंचनाचे कारणच उरत नाही. तारा थबकतो. त्या थबकण्याला आम्ही मुख्य क्रम म्हणतो, आणि ताऱ्याच्या आयुष्याचा सुमारे नव्वद टक्के काळ त्यातच जातो.

शिवाय ही व्यवस्था स्वतःला सांभाळते. संमीलन जरा जास्त झाले तर केंद्र फुगते, फुगल्यामुळे थंड होते आणि संमीलन मंदावते. कमी झाले तर याच्या उलट. म्हणून सूर्य ४६० कोटी वर्षे शांतपणे तेवतो आहे. त्याच्या केंद्रात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातल्या ४० लाख टनांहून थोड्या अधिक वस्तुमानाची ऊर्जा बनते. आकडा प्रचंड वाटतो, पण केंद्राच्या एका घनमीटरमागे ही शक्ती जेमतेम पावणेतीनशे वॅट भरते. सूर्याचे तेज त्याच्या आकारमानातून येते, जळण्याच्या जोरातून नाही.

मग कोणता तारा किती प्रकाश देणार हे ठरते कशावरून? गंमत अशी की ते संमीलनावर ठरतच नाही. एडिंग्टन यांनी ताऱ्याचे वस्तुमान आणि तेजस्विता यांचा संबंध १९२४ मध्येच मांडला, तेव्हा ऊर्जेचा स्रोत कोणालाच नक्की माहीत नव्हता. तेजस्विता ठरते ती प्रकाश किती सहज गळतो यावर. सूर्याच्या केंद्रातून निघालेली ऊर्जा पावलोपावली अडखळत हजारो ते लाखभर वर्षांनी पृष्ठभागावर येते. जड ताऱ्याला स्वतःचे जास्त वजन पेलायचे असते, म्हणून तो आतून अधिक तप्त असतो, आणि प्रारणाची घनता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. पण तो मोठाही असतो आणि आतून सूर्यापेक्षा कितीतरी विरळ. म्हणजे आत प्रकाशाचा साठा प्रचंड आणि त्याला अडवणारी भिंत पातळ. परिणामी सूर्यासारख्या ताऱ्यांच्या आसपास तेजस्विता वस्तुमानाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढते. संमीलनाला फक्त ही गळती भरून काढायची असते.

तुमच्या पंचवीसपट ताऱ्याचा हिशोब मांडू. त्याची तेजस्विता सूर्याच्या सत्तर-ऐंशी हजारपट. इंधन पंचवीसपट, खर्च पाऊण लाखपट, म्हणजे आयुष्य सूर्याच्या तीन हजारांश. सूर्याचा हायड्रोजनचा काळ १,००० कोटी वर्षे धरला तर हे ३३ लाख वर्षे झाले. प्रत्यक्षात तो तारा सुमारे ७० लाख वर्षे टिकतो, कारण त्याचे केंद्र सतत ढवळले जाते आणि सूर्यापेक्षा इंधनाचा मोठा वाटा उपयोगात येतो. दुसऱ्या टोकाला, सूर्याच्या दहाव्या हिश्शाचे लाल बटू लाखो कोटी वर्षे जळत राहतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. असा एकही तारा आजवर म्हातारपणाने मेलेला नाही. आणि सूर्याच्या सुमारे ८ टक्क्यांहून कमी वस्तुमान असेल तर हायड्रोजन टिकून जळेल एवढे केंद्र तापतच नाही. त्यांना तपकिरी बटू म्हणतात.

हे सगळे कागदावरचे गणित आहे असे वाटत असेल, तर तारकागुच्छ बघा. माझे बहुतेक आयुष्य त्यांच्यातच गेले आहे. एका गुच्छातले तारे जवळपास एकाच वेळी, एकाच ढगातून जन्मलेले असतात. फरक असतो तो वस्तुमानाचा. प्रत्येकाचा रंग आणि तेज आलेखावर मांडले की मुख्य क्रमाचा तिरका पट्टा उमटतो, आणि एका ठिकाणी तो तुटून लाल राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेल्या, ताऱ्यांकडे वळतो. त्या वळणाच्या वरचे, म्हणजे त्याहून जड, तारे संपलेले असतात. कृत्तिकांत निळे तेजस्वी तारे अजून आहेत, कारण त्यांचे वय १० कोटी वर्षांच्या थोडे वर आहे. कर्क राशीतल्या एम ६७ या गुच्छाचे वय सुमारे ४०० कोटी वर्षे, तिथे सूर्यापेक्षा थोडे जड तारेही वळणावर आलेले दिसतात. १,२०० कोटी वर्षे जुन्या गोलाकार गुच्छांत सूर्याच्या वस्तुमानाचासुद्धा तारा मुख्य क्रमावर सापडत नाही. हा आलेख मी पहिल्यांदा स्वतःच्या मोजमापांवरून काढला, त्या रात्री मला झोप आली नाही. इतके ठिपके, आणि प्रत्येक आपापल्या वयाच्या जागी.

त्या आलेखात वळणाच्या वर, जिथे कोणीच उरायला नको, तिथे चार-पाच निळे ठिपके होते. ते गुच्छापुढचे उपरे तारे समजून मी खोडून टाकले. तो अडाणीपणा होता. ते गुच्छाचेच होते. दोन तारे एकत्र येऊन किंवा एकाने दुसऱ्याचे वस्तुमान ओढून घेऊन असे तारे नव्याने तरुण होतात.

याच संदर्भात ययाती तारकासमूहातल्या अल्गॉलची गोष्ट सांगायलाच हवी. अल्गॉल म्हणजे एकमेकांभोवती २.८७ दिवसांत फिरणारी जोडी. त्यातला सूर्याच्या सुमारे सव्वातीनपट जड तारा अजून मुख्य क्रमावर आहे, आणि सूर्याहूनही हलका असलेला जोडीदार म्हातारा होऊन फुगला आहे. जड आधी म्हातारा होतो हा नियम इथे उलटा दिसतो. एकेकाळी या कोड्याने सगळ्यांना छळले. उत्तर असे की आजचा हलका तारा पूर्वी दोघांत जड होता. तो आधी फुगला आणि त्याचे वस्तुमान जोडीदाराकडे वाहून गेले. व्याधाकडे पाहा: प्रखर व्याध सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा, आणि त्याचा सोबती पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेतबटू, म्हणजे संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, वस्तुमान सूर्याएवढे. हा सोबती १८६२ मध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना दिसला. जन्मावेळी तो सूर्याच्या सुमारे पाचपट होता. म्हणून तो आधी गेला.

आता दुसरा प्रश्न, इंधन संपल्यावर काय. थबकणे संपते आणि आकुंचन पुन्हा सुरू होते, एवढेच. सूर्याच्या केंद्रातला हायड्रोजन सुमारे ५०० कोटी वर्षांनी संपेल. हेलियमचे केंद्र दबत जाईल, तापत जाईल, आणि त्याच्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात जळेल. त्या ऊर्जेने बाहेरचे थर फुगतील, फुगल्यामुळे पृष्ठभाग थंड आणि तांबूस होईल. बाहेरून थंडावलेला दिसणारा लाल राक्षसी तारा आतून पूर्वीपेक्षा जास्त तापलेला असतो. रोहिणी अशीच. सूर्य अशा वेळी आजच्या दोनशेपटीहून मोठा होईल, बुध आणि शुक्र गिळले जातील. पृथ्वीवरच्या महासागरांची मुदत मात्र त्याच्या फार आधी संपेल. सूर्य आताही हळूहळू प्रखर होतो आहे. जन्मापासून तो सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, आणि आणखी १०० कोटी वर्षांत सुमारे १० टक्के वाढला की समुद्र टिकणे अवघड होईल.

केंद्र १० कोटी अंशांवर पोहोचले की तीन हेलियम मिळून कार्बन होतो. ही अभिक्रिया चालावी यासाठी कार्बनच्या केंद्रकात एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये सांगितले, आणि प्रयोगशाळेत ती खरोखर सापडली. ताऱ्यांकडे बघून अणुकेंद्रकाबद्दल भाकीत करणे, याहून धाडसी काम मला या विषयात दुसरे माहीत नाही.

पण सूर्याच्या बाबतीत हेलियम पेटण्याआधी केंद्रात एक मोठा बदल झालेला असतो. इलेक्ट्रॉन इतके दाटलेले असतात की त्यांचा दाब तापमानावर अवलंबून राहत नाही. पुंज यांत्रिकीचा नियमच त्यांना आणखी जवळ येऊ देत नाही. अशा पदार्थात मघाशी सांगितलेली सांभाळून घेणारी व्यवस्था चालत नाही. तापमान वाढले तरी केंद्र फुगत नाही, म्हणून संमीलन भडकतच जाते. काही क्षण केंद्रातून संपूर्ण दीर्घिकेच्या तोडीची ऊर्जा निघते. ती सगळी केंद्राला सैल करण्यात खर्च होते, बाहेर काहीच दिसत नाही.

याच दाबामुळे सूर्य शेवटी सुटतो. कार्बन पेटण्याइतके तापण्याआधीच त्याचे केंद्र इलेक्ट्रॉनांच्या दाबावर स्थिरावेल, बाहेरचे थर अवकाशात विखुरतील आणि स्वरमंडळातल्या कंकणाकृती तेजोमेघासारखी बिंबाभ्रिका, म्हणजे वायूचे तेजस्वी कवच, काही हजार वर्षे चमकेल. मध्ये उरेल श्वेतबटू, आजच्या वस्तुमानाच्या निम्म्याहून थोडा जास्त. आता उष्णता गेली तरी आकुंचन नाही, आणि आकुंचन नाही म्हणून तापणेही नाही. इथे, आणि इथेच, ‘तारा थंड होत जातो’ हे वाक्य खरे ठरते.

या सुटकेला मर्यादा आहे. १९३० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणित केले, तेव्हा लक्षात आले की सापेक्षता धरली तर इलेक्ट्रॉनांचा दाब ठरावीक वस्तुमानापुढे अपुरा पडतो. आज ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. १९३५ मध्ये एडिंग्टन यांनी भर सभेत ही कल्पना झिडकारली. एडिंग्टन यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण तिथे ते चुकले होते. चंद्रशेखर यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले. जोडीदाराकडून वस्तुमान घेत या मर्यादेजवळ आलेल्या श्वेतबटूत कार्बन पेटला, तर तीच बिघडलेली व्यवस्था संपूर्ण ताऱ्याच्या चिंधड्या उडवते.

जड ताऱ्याला मात्र वाटेत कुठेच सुटका नाही. हायड्रोजनची राख हेलियम, ती दबून पेटते. तिची राख कार्बन आणि ऑक्सिजन, तीही पेटते. पंचवीसपट ताऱ्यात हेलियम आठएक लाख वर्षे पुरते, कार्बन सुमारे ५०० वर्षे, निऑन वर्षभर, ऑक्सिजन पाच-सहा महिने आणि सिलिकॉन एक दिवस. हा काळ एवढा आखडतो त्याला मोठे कारण न्यूट्रिनोंचे, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या सूक्ष्म कणांचे. केंद्र १०० कोटी अंशांच्या जवळ गेले की ऊर्जा न्यूट्रिनो बनून निघू लागते, आणि न्यूट्रिनोंना थरांची अडचण नसते. ते सरळ पार होतात. भिंत पातळ असणे आणि भिंतच नसणे, एवढा हा फरक आहे. गळती जितकी जास्त, तितके आकुंचन घाईचे.

सिलिकॉनपासून लोखंडाच्या गटातली केंद्रके बनतात, आणि तिथून पुढे संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. लोखंडाचे केंद्र चंद्रशेखर मर्यादेच्या आसपास पोहोचले की प्रखर प्रारण केंद्रकांचे तुकडे करू लागते, प्रोटॉन इलेक्ट्रॉनांना गिळून न्यूट्रॉन होतात, आणि आधार देणारे इलेक्ट्रॉनच नाहीसे होतात. पृथ्वीएवढे केंद्र एका सेकंदाच्या आत कोसळते आणि काही दहा किलोमीटरांवर अडते. त्यातून सुटणारी ऊर्जा सूर्याने पूर्ण आयुष्यात दिलेल्या प्रकाशाच्या शंभरपटीहून अधिक, आणि तिच्यातली ९९ टक्के न्यूट्रिनोंची. उरलेल्या एक टक्क्यात आपल्याला दिसणारा अतिनवतारा होतो.

हे तपासायची संधी २३ फेब्रुवारी १९८७ ला आली. मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवर, एक निळा महाराक्षसी तारा फुटला. प्रकाश वाढलेला दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या यंत्रांत मिळून दोन डझन न्यूट्रिनो नोंदले गेले होते. दोन डझन हा आकडा छोटा आहे, पण केंद्र कोसळण्याचा सिद्धान्त त्यावर उभा राहिला.

मागे काय उरते? बहुधा २०-२५ किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या स्फोटाच्या जागी आज खेकडा तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला ३० वेळा फिरणारा स्पंदक, म्हणजे ठरावीक लयीत संकेत देणारा न्यूट्रॉन तारा. न्यूट्रॉनांच्या दाबालाही मर्यादा आहे; ती ओलांडली की कृष्णविवर. त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

मूलद्रव्ये ताऱ्यांत खरोखर बनतात, याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा स्फोटातला नाही. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही लाल राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेषा सापडल्या. टेक्नेशियमच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचे अर्धायुष्य जेमतेम ४२ लाख वर्षे. तारा त्याहून कितीतरी जुना. म्हणजे ते मूलद्रव्य त्याच ताऱ्याने, हल्लीच, आपल्या पोटात बनवलेले होते.

शेवटी काक्षीबद्दल, म्हणजे मृगातल्या लाल महाराक्षसी ताऱ्याबद्दल (बीटलज्यूस), कारण या विषयावर बोललो की तो प्रश्न येतोच. २०१९-२० मध्ये काक्षी अचानक मंदावली तेव्हा पुष्कळांना वाटले की आता ती फुटणार. मंदावण्याचे कारण ताऱ्यानेच उधळलेल्या धुळीचा ढग हे होते. ती फुटेल, पण त्याला अजून लाखभर वर्षेही लागू शकतात, आणि आधी इशारा मिळाला तर तो तिच्या तेजातून मिळणार नाही. केंद्रात शेवटी काय चालले आहे याची बातमी पृष्ठभागाला वेळेत पोहोचतच नाही. ती पोहोचवतील न्यूट्रिनो. काक्षी इतकी जवळ आहे की सिलिकॉन जळण्याच्या शेवटच्या तासांतले न्यूट्रिनोही पृथ्वीवरच्या मोठ्या यंत्रांत पकडता येतील. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो पकडणाऱ्या यंत्राच्या पाण्यात २०२० पासून गॅडोलिनियम मिसळले आहे, त्यामुळे असे क्षीण संकेतही ओळखता येतात. तो दिवस उजाडला, तर दुर्बिणी काही तास आधीच काक्षीकडे वळलेल्या असतील, आणि आकाशात ती नेहमीसारखीच तांबूस दिसत असेल.